सेत्तिमोंनी वाढलेलं ताट

माझे सासरे सेत्तिमो हे त्यांच्या आईबापांचं सातवं अपत्य. सातवा म्हणून सेत्तिमो. आमच्या पिएवेल्ला गावात मुलांना असे आकडे देण्याची पद्धतच आहे, त्यामुळे त्यात विशेष काही नाही. गंमत अशी की त्यांच्या लगेच आधीच्या भावाचं, म्हणजे सहाव्याचं, नाव होतं उल्तिमो, शेवटचा. बापानं सहाव्यावर पूर्णविराम जाहीर केला, गावजेवण घातलं आणि वर्ष फिरतं न फिरतं तोच हे हजर. "मी जन्मलो तोच बापाला खोटं पाडत," असं ते सांगायचे आणि पोट धरून हसायचे. पोटही धरण्याजोगं होतं.

धंदा डुक्कर कापण्याचा. उन्हाळाभर ते इतरांसारखेच तागाच्या शेतात राबायचे, पण थंडी पडली की सगळ्या गावाचे जावई व्हायचे. सकाळी सुऱ्यांचं कातडी गाठोडं काखेत मारून, ऑपेरातलं एखादं गाणं बेसूर आळवत ते गल्लीत शिरले की बायका चुलीवर कढया चढवायच्या. लालवाल्यांच्या, म्हणजे समाजवाद्यांच्या, मजूर सभेचे ते जुने सभासद, पण डुक्कर पाद्रीबाबांचं असो की जमीनदार पेत्रोंचिनींचं, सुरी तीच आणि गाणंही तेच. गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात बसून जेवलेला त्यांच्याइतका दुसरा माणूस नव्हता.

आमच्याकडे डुक्कर कापलं की त्याच दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे ताट जातं. कलेजी, मानेचा एक तुकडा, चरबीचे कुरकुरीत तळलेले कण आणि वर पांढरा रुमाल. ज्याच्याकडे ताट गेलं तो आपलं डुक्कर कापल्यावर ताट पाठवतो. रिकामं ताट परत करताना ते धुवायचं नाही, धुतलं तर संबंध धुतले. आणि कुणाच्या ताटात किती पडणार हे घरची मालकीण ठरवत नसे, सेत्तिमो ठरवायचे. त्यांनी कधी कुणाला कमी वाढलं नाही. पाद्रीबाबांना तेवढा मुद्दाम डुकराचा कान पाठवायचे. "गावाची पापं ऐकून त्यांचा झिजला असेल," म्हणायचे.

माझं लग्नही अशाच एका दिवशी ठरलं. पहिलं महायुद्ध संपल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ते आमच्याकडे आले तेव्हा हाताखाली त्यांचा मुलगा होता. नाव रिबेल्ले, म्हणजे बंडखोर. लाल घरांत मुलांना अशी नावं ठेवायची फॅशनच होती. हा बंडखोर कोंबडी आडवी आली तरी थांबून तिला वाट द्यायचा. मी त्या वेळी हौदावर कोपरापर्यंत हात घालून आतडी धूत होते. बाईला आतडी धुताना पाहून जगात कोणी प्रेमात पडला असेल, तर तो माझा नवरा.

माझे बाबा ओरेस्ते पेत्रोंचिनींची जमीन अर्धेलीनं कसायचे आणि पाद्रीबाबांच्या शेतकरी सभेत होते. बाबा म्हणाले, लग्न चर्चमध्ये. लालवाले म्हणाले, कचेरीत, लाल झेंड्याखाली. महिनाभर ओढाताण झाली. शेवटी सेत्तिमोंनी टेबलावर सुरीची मूठ आपटली.

"सकाळी चर्च, दुपारी कचेरी, संध्याकाळी डुक्कर! पहिल्या दोन ठिकाणी मी पाहुणा, तिसऱ्या ठिकाणी कामाला येईन. आणि देझोलीना, तुझ्या बापाला सांग, तेवढ्यासाठी डुक्कर चांगलं पोसायचं. हाडं मोजायला मी येणार नाही."

पुढच्या हिवाळ्यातला मुहूर्त ठरला. मी डुकराला इतकं चारलं की ते बिचारं बसल्या जागी झोपायचं.

त्याच उन्हाळ्यात संप झाला. मागण्या खऱ्या होत्या आणि जमीनदार अडून बसले होते, म्हणून बाबांनीही खुरपं खाली ठेवलं. पण संप लांबला आणि मजूर सभेचा प्रमुख आन्सेल्मो यानं फर्मान काढलं की गाईंनाही हात लावायचा नाही. कास तटतटून गाई हंबरायला लागल्या. बाबांनी तीन दिवस कानावर हात ठेवले. चौथ्या दिवशी भर सकाळी बादली घेतली आणि सगळ्यांदेखत गोठ्यात गेले.

आन्सेल्मो दारात येऊन उभा राहिला, मागे गर्दी.

"ओरेस्ते, ऊठ. संप म्हणजे संप."

"संप माणसांचा आहे रे. ही कधी सभासद झाली?" बाबा गाईच्या पोटाला डोकं टेकवून म्हणाले. "वर्गणीची पावती असेल तर दाखव तिची."

गर्दी खो खो हसली. तिथंच घात झाला. आन्सेल्मो माणूस वाईट नव्हता. गावच्या मजुरांना पोटभर जेवण आणि माणसासारखी वागणूक मिळाली ती त्याच्यामुळे. पण त्याला चेष्टा सहन होत नसे. रविवारी सभेनं ठराव केला आणि आम्हाला वाळीत टाकलं. बेकरीवाल्यानं पाव द्यायचा नाही, लोहारानं नाल ठोकायचा नाही, कुणी नमस्कार म्हणायचा नाही. आमच्याकडे ताट पाठवायचं नाही आणि आमचं डुक्कर कापायचं नाही.

शरदात जमीनदारांनी करारावर सही केली, संप जिंकला. गावभर वाजंत्री फिरली, चौकात नाच झाला. आमचं घर मात्र वाळीतच राहिलं. कुणी आठवण केली की आन्सेल्मो म्हणायचा, "क्रांती दारात येऊन ठेपलीय, तिच्यानंतर बघू ओरेस्तेचं." आणि पाद्रीबाबा म्हणायचे की लालवाल्यांशी मी एका टेबलावर बसणार नाही, तुम्ही प्रार्थना करा. दोघांनाही आपापल्या स्वर्गाची घाई होती.

थंडी पडली. डुक्कर तयार, मी तयार, सेत्तिमोंचा पत्ता नाही. मी त्यांना रस्त्यात गाठलं.

"काका, आमचं डुक्कर?"

ते बुटांकडे बघत राहिले. "पोरी, सभेचा ठराव आहे."

"डुकराला ठराव कळत नाही."

"मला कळतो ना. आयुष्यभर उपाशी राबलो, सभेनं माणसात आणलं. तिचा शब्द कसा मोडू?"

"मग तुमच्या शब्दाचं काय? संध्याकाळी डुक्कर म्हणाला होतात ना?"

ते वळून चालायला लागले. त्यांना न हसता पाठमोरं जाताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला रडू आलं, रागही आला.

"ज्याच्या बापानं माझं डुक्कर वाऱ्यावर सोडलं, त्याच्या घरात माझी पोर जाणार नाही," बाबांनी घरात जाहीर केलं. लग्न मोडलं. तेव्हा रिबेल्लेनं आयुष्यातलं एकुलतं एक बंड केलं. रोज दुपारी तो आमच्या कुंपणापाशी यायचा, टोपी काढायचा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात "नमस्कार, देझोलीना!" म्हणायचा आणि कान लाल करून पळायचा. सभेनं त्याला समज दिली. दुसऱ्या दिवशी तो आमच्या आईलाही नमस्कार करून गेला.

त्या आठवड्यात आमच्या दाराशी ताट आलं. पेत्रोंचिनींच्या वाड्यावरून, कारभाऱ्याच्या हातून, रुमालाला किनार. सोबत शहरातला एक खाटीकही पाठवला होता. त्यानं आमच्या डुकराची अशी वाट लावली की सगळ्या सॉसेजना बुरशी आली. पण बाबांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "कुणीतरी आठवण ठेवली," ते म्हणाले. आईनं मात्र ते ताट राख लावून लख्ख घासलं आणि मगच परत केलं. वाड्यावर ताटं नोकर मोजतात, त्यामुळे तिनं केलेला अपमान कुणाच्या लक्षातच आला नाही. तिला त्याचं फार वाईट वाटलं.

ताटाच्या मागून माझ्या भावासाठी बोलावणं आलं. ग्वेर्रीनो युद्धातून एक पदक आणि दुखरा गुडघा घेऊन आला होता. सभेच्या पोरांनी त्या पदकावरून त्याला चिडवून चिडवून हैराण केलं होतं, "कुणासाठी रे लढलास, शिपाईदादा?" म्हणून. काम नव्हतं आणि आता तर कुणी नमस्कारही करत नव्हतं. जमीनदाराच्या मुलानं त्याला खांद्यावर हात टाकून 'मित्रा' म्हटलं, लालांना बडवत फिरणाऱ्या फॅसिस्ट टोळीचा काळा सदरा दिला आणि त्यांच्या ट्रकमध्ये जागा दिली. तो चढला. मी त्याच्यावर ओरडले, पण त्याच्याजागी मी असते तर काय केलं असतं, कोण जाणे.

वाड्यावरचं डुक्कर कापायला मात्र सेत्तिमो गेले. करार झाला होता ना! संप फोडणारा ओरेस्ते वाळीत आणि ज्याच्याविरुद्ध संप केला तो जमीनदार रीतसर पंगतीत. तिथं जेवणाच्या टेबलावर सगळे जमले होते. जमीनदार म्हणाले, "ही काळी पोरं आपण भाड्यानं आणलीत. लालांची रग जिरली की देऊ घरी पाठवून." फौजदार म्हणाले, "त्या दिवशी माझे डोळे दुखत असतील." पाद्रीबाबांनी वाइनचा घोट घेऊन म्हटलं, "थोडा धडा मिळाला तर बरंच." सेत्तिमो चरबी तळता तळता ऐकत होते. ते सरळ आन्सेल्मोकडे गेले.

"ट्रक येणार आहे. ओरेस्तेला जवळ घे, पाद्रीबाबांशी बोल, सगळे मिळून चौकात उभे राहू."

"घाबरू नका कॉम्रेड, इतिहास आपल्या बाजूनं आहे."

"इतिहास असेल रे बाबा. ट्रक त्यांच्या बाजूनं आहे."

वसंतात, टळटळीत दुपारी, ट्रक आला. तो सैन्याच्या छावणीतून आणलेला होता, हे चाकांवरून कुणीही सांगितलं असतं. काळ्या सदऱ्यांनी सभेच्या घरातल्या खुर्च्या, पुस्तकं, वाजंत्र्यांचे ढोल बाहेर काढून पेटवले आणि आन्सेल्मोला काठ्यांनी झोडपलं. फौजदार अंगणात वाटाणे सोलत बसले होते. आम्ही खिडक्या लावून घेतल्या. "जळू दे," बाबा म्हणाले आणि मग खिडकीला पाठ टेकून लहान मुलासारखे रडले.

उन्हाळ्यात ट्रक पाद्रीबाबांच्या सभेच्या दूध डेअरीपाशी थांबला आणि तीही जळाली. पाद्रीबाबा फौजदारांकडे धावले, पण फौजदारांच्या वाटाण्यांचा हंगाम काही संपेना. या वेळी लालवाल्यांनी खिडक्या लावल्या. मग जमीनदारांनी संपातला करार फाडला, बाबांचाही.

"अहो, मी तर गाई दोहल्या होत्या!" बाबा म्हणाले.

"म्हणून तर तुम्हाला हाकललं नाही," कारभारी म्हणाला.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या पावसात ग्वेर्रीनो बाकीच्या टोळीबरोबर सत्ता मागायला रोमला निघाला. आईनं त्याला लोकरी मोजे दिले. सैन्य गोळ्या घालेल अशी त्याची खात्री होती. सैन्य तयारही होतं म्हणतात, पण राजानं लष्करी कायद्याच्या हुकमावर सही केली नाही आणि यांच्या म्होरक्याला बोलावून पंतप्रधानाची खुर्चीच दिली. आठवड्यानं पोरगा परत आला तो चिंब भिजून, शिंकत, जग जिंकल्याच्या आनंदात. शहरातली शहाणी माणसं अजून एकमेकांना विचारतात की राजानं दार उघडलंच कसं. आमच्या गल्लीत कुणी विचारत नाही, कारण दारं आम्ही आधी उघडली होती, प्रत्येकानं शेजाऱ्याची खोड मोडण्यासाठी.

विरोधकांना एरंडेल पाजून जुलाब करायला लावायची ही काळ्या सदऱ्यांची आवडती शिक्षा, ती सेत्तिमोंनाही दिली. चौकात त्यांनी काहीतरी विनोद केला होता. पाजणाऱ्यांना ते म्हणाले, "नुसतंच? सोबत पाव तरी द्या." पुढचा वृत्तान्त ते स्वतः सगळ्यांना सांगायचे, साभिनय. ऐकणाऱ्यांचं हसून पोट दुखायचं आणि काळे सदरे चिडायचे, कारण शिक्षेची पार रया जायची. वर हुकूम निघाला की सेत्तिमोनं टोळीच्या परवानगीशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही.

आणि त्या जानेवारीत, रविवारी, प्रार्थना सुटून सगळा गाव रस्त्यावर असताना, सेत्तिमो घरातून निघाले. एका हातावर पांढऱ्या रुमालानं झाकलेलं ताट, काखेत सुऱ्यांचं गाठोडं, तोंडात तेच बेसूर गाणं. मागे माझा बंडखोर, पांढराफटक. टोळी बसायची त्या दारूच्या दुकानासमोरून ते सावकाश गेले, सगळ्यांना ताट दिसावं म्हणून जरा थांबलेसुद्धा. अडवायचं कसं हे त्या पोरांना कळेना. त्यांच्या आयांनीही त्यांना हेच शिकवलं होतं की चाललेलं ताट अडवायचं नसतं.

आमच्या दारात ग्वेर्रीनो उभा होता, काळ्या सदऱ्यात.

"काका, परवानगी कुठाय?"

"तुझ्या बापाकडे. तीच मागायला आलोय."

बाबा पुढे आले. सेत्तिमोंनी ताट पुढं केलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "ओरेस्ते, दोन वर्षं उशीर झाला. मी सभेचं ऐकलं आणि शेजाऱ्याला विसरलो. सभा गेली, तूही गेलास, राहिला हा जाडा गाढव. घे."

 बाबांनी रुमाल उचलला, भाजलेल्या कलेजीचा तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

"मग जास्त मिठाचं डुक्कर दाखव की!" सेत्तिमो गरजले, आणि आई चुलीकडे पळाली. कढई तिनं सकाळीच भरून ठेवली होती, हे मला नंतर कळलं.

अंगणात डुकरानं एकच गोंधळ घातला. सेत्तिमोंनी ग्वेर्रीनोला हाक मारली. "ए शिपाईदादा, मागचा पाय धर! आणि तो सदरा काढ, रक्त उडेल. रोम जिंकलंस, आता डुक्कर जिंकून दाखव." पोरानं एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग त्यानं सदरा काढून खुंटीला टांगला आणि पाय धरला. युद्धातून आल्यापासून तो एवढा मनापासून हसलेला मी पाहिला नव्हता, चिखलात पडला तरी हसत होता. आईनं तेवढ्यात सदरा उचलला आणि "डाग पडलाय" म्हणत राखेच्या उकळत्या पाण्यात घातला. डाग वगैरे काही नव्हता. सदरा बाहेर आला तो उंदराच्या रंगाचा. ग्वेर्रीनोला दुसरा सदरा मिळाला असता, नाही असं नाही. पण तो मागायला गेला नाही.

लग्न त्याच महिन्यात झालं. कचेरीत आता लाल झेंडा नव्हता, म्हणून सेत्तिमो गळ्यात लाल रुमाल बांधून आले आणि फौजदारांना म्हणाले की घसा बसलाय. पुढे ते खूप जगले. काळ्या सदऱ्यांची सत्ता वीस वर्षं टिकली आणि ती बुडालेली बघूनच ते गेले, तेही जेवणानंतर, खुर्चीत. पण मला ते आठवतात ते त्या रविवारच्या दुपारचे.

डुक्कर कापून झालं होतं. टेबलावर ताटं मांडली होती आणि सेत्तिमो वाढत होते. लोहाराचं, बेकरीवाल्याचं, पाद्रीबाबांचं, कानासकट. सगळी वाढून झाल्यावर त्यांनी आणखी एक ताट ओढलं आणि त्यात मानेचा सगळ्यात चांगला तुकडा ठेवला.

"हे कुणाचं?" आईनं विचारलं.

 सगळ्यांना कळलं होतं. गल्लीच्या टोकाच्या घरात आन्सेल्मो राहायचा, काठीचा आधार घेऊन चालायचा. टोळीचा हुकूम होता की त्याच्याकडे कुणी जायचं नाही, कुणी बोलायचं नाही. बेकरीवालाही त्याला पाव देत नसे. सेत्तिमोंनी रुमाल घातला आणि ताट उचलायला हात पुढं केला.

"थांब," बाबा म्हणाले. "माझ्या घरचं डुक्कर आहे."

त्यांनी हात धुतले, टोपी घातली आणि ताट घेऊन निघाले. आम्ही सगळे दारात येऊन उभे राहिलो. ग्वेर्रीनो बनियनवर होता, तोही आला. दुकानातली पोरं बाहेर येऊन बघत होती. बाबांनी गल्लीच्या टोकाचं दार वाजवलं. बराच वेळ कुणी उघडलं नाही. मग काठीचा आवाज आला आणि दार किलकिलं झालं. आमच्याशी कुणी एक शब्द बोलू नये असा ठराव ज्यानं लिहिला होता, तो आन्सेल्मो ताटाकडे बघत उभा राहिला.

बाबांनी टोपी काढली.

"नमस्कार, आन्सेल्मो," ते म्हणाले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.